पंप बदलण्याआधी तार तपासा

चालती गाडी मधेच झटके मारते आणि बंद पडते. अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभी राहते. मग चावी फिरवली की काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. गॅरेजमध्ये नेली तर मेस्त्रीच्या पुढे तासभर घड्याळासारखी चालते. मेस्त्री म्हणतो, "पेट्रोलचा पंप गेला असणार, बदलून टाकू." काही हजार रुपये जातात. पंधरा दिवस बरे जातात आणि सोळाव्या दिवशी गाडी पुन्हा त्याच पुलावर, त्याच उन्हात उभी राहते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्त्यांमध्ये जुनी मोटारगाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कुणी सेकंडहँड गाडी घेऊन भाड्याने चालवतो, कुणी पहाटे मंडईतून भाजी आणतो, कुणी जेवणाचे डबे पोहोचवतो. अशा घरात गाडी बंद म्हणजे चूल बंद. म्हणून या वेळच्या सदरात आम्ही हा मधूनच येणारा आणि मधूनच जाणारा विजेचा दोष घेतला आहे. आम्ही मेस्त्री नाही. आमची नोकरी कारकुनाची आणि शिक्षण वाणिज्य शाखेचे. परंतु हिशेबात फरक आला तर आम्ही नवी वही विकत आणत नाही. कोणत्या पानावर फरक पडला ते शोधतो. विजेचा दोषही याच रीतीने सापडतो, हे आम्ही अनेक गाड्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

जुना पंप आणि आजचा पंप

ज्यांनी प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी चालवली आहे त्यांना आठवत असेल, त्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला असे आणि इंजिनाच्या फिरण्यावरच तो चाले. त्याला वीज लागतच नसे. उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ झाली की टॅक्सीवाले त्यावर ओले फडके टाकीत आणि गाडी चालू होई. ती काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून कायमची गेली. तिच्याबरोबर ओल्या फडक्याचा उपायही गेला.

१९९८ साली आलेल्या सँट्रोमध्ये कार्बुरेटर नव्हता, एमपीएफआय पद्धत होती. पुढे २००० सालापासून प्रदूषणाचे भारत स्टेज-२ नियम एकेका शहरात लागू होत गेले, तसतशी मारुती ८०० सारखी साधी गाडीही कार्बुरेटर सोडून एमपीएफआयवर आली. आज सेकंडहँड बाजारात 'जुनी गाडी' म्हणून जी मिळते ती बहुधा याच पिढीतली असते. हिचा पंप पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो. तो विजेवर चालतो आणि पेट्रोल साधारण तीन किलोच्या दाबाने पुढे ढकलतो. भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. म्हणजे आता पेट्रोल न येण्याची कारणे दोन ठिकाणी शोधावी लागतात. एक पंपात आणि दुसरे पंपाला वीज देणाऱ्या तारेत. पंप महाग आहे आणि तार स्वस्त आहे. तरी बदलला जातो तो पंप, कारण तार तपासायला वेळ आणि डोके लागते.

करंट कोणत्या वाटेने जातो?

ही वाट एकदा नीट समजून घ्यावी. बॅटरीपासून करंट निघतो तो मुख्य फ्यूजमधून पंपाच्या लहान फ्यूजकडे येतो. तेथून तो रिलेत शिरतो. रिले म्हणजे विजेनेच दाबले जाणारे बटण. रिलेतून निघालेला करंट गाडीच्या फरशीखालून लांब तारेने टाकीपर्यंत जातो. टाकीवरच्या कपलरमधून तो पंपात जातो, पंप फिरवतो आणि अर्थिंगच्या तारेने गाडीच्या पत्र्याला मिळून बॅटरीकडे परत येतो.

रिलेचे बटण कुणी दाबायचे, हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. चावी 'ऑन' केली की तो साधारण दोन सेकंद पंप चालवतो आणि थांबतो. या वेळी मागे कान दिला तर बारीक गुणगुण ऐकू येते. पुढे सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते आहे, असा निरोप क्रँक सेन्सरकडून आला की कॉम्प्युटर पंप सलग चालू ठेवतो. निरोप थांबला की एक-दोन सेकंदांत पंप बंद करतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे. अपघातात इंजिन थांबले तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये, हा तिचा हेतू.

आता मोजा. फ्यूज, रिले, रिलेची बैठक, कॉम्प्युटरचा हुकूम, लांब तार, कपलर, पंप आणि अर्थिंग अशा आठ जागा झाल्या. या आठांपैकी कोणतीही एक जागा ढिली, गंजलेली किंवा तापून अर्धवट तुटलेली असेल तर बाहेरून दिसणारे लक्षण एकच, गाडी बंद. मग आठांतल्या एकावर डोळे मिटून बोट ठेवणे आणि त्यासाठी घरातले पैसे काढून देणे शहाणपणाचे आहे का?

आधी वही, मग पाना

मधूनच येणाऱ्या दोषाची मोठी अडचण ही की तपासणीच्या वेळी तो हजर नसतो. म्हणून त्याचे हजेरीपत्रक ठेवावे. गाडीत एक दहा-वीस रुपयांची वही आणि पेन्सिल असू द्या. गाडी बंद पडली की तारीख, वेळ, ऊन की पाऊस, टाकीत पेट्रोल किती होते, किती वेळ चालवल्यावर पडली, खड्डा आला होता का आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाली, एवढे लिहावे. चार-पाच नोंदी झाल्या की वही स्वतःच बोलू लागते.

गरम झाल्यावर बंद आणि वीस-तीस मिनिटांनी थंड झाल्यावर चालू, असे दरवेळी होत असेल तर रिलेच्या आतला टाका फुटलेला असू शकतो, पंपाचे कार्बन झिजलेले असू शकतात किंवा क्रँक सेन्सर तापून गप्प होत असू शकतो. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर बंद पडत असेल तर कपलर, रिलेची बैठक किंवा अर्थिंगचा स्क्रू ढिला असण्याचा संभव अधिक. काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंप तोडणारा वेगळा स्विच असतो, तोही पाहावा. पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर त्रास होत असेल तर कपलरमध्ये पाणी जाते आहे असे समजावे. टाकी रिकामी होत आली की त्रास वाढत असेल तर पंप पेट्रोलाबाहेर उघडा पडून तापतो आहे, असा संशय घ्यावा.

आणखी एक खूण महत्त्वाची आहे. गाडी आधी लोड घेईनाशी होते, झटके मारते आणि मग बंद पडते की दिवा विझावा तशी एकदम बंद पडते? पेट्रोल कमी पडले तर गाडी सहसा झटके मारत मारत जाते. ठिणगी किंवा क्रँक सेन्सरचा निरोप तुटला तर ती एकदम जाते. इंजिनाचे आरपीएम दाखवणारा काटा असेल आणि गाडी गिअरमध्ये पळत असतानाच तो धाडकन शून्यावर आला, तर पंपाला हात लावण्याआधी क्रँक सेन्सर पाहावा.

बंद पडल्या जागी काय पाहावे?

प्रथम गाडी कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि माणसे रस्त्याच्या बाजूला नव्हे तर आतल्या बाजूला उतरवावीत. सेल्फ मारीत बसू नये. बॅटरी उतरते आणि मग एकाचे दोन दोष होतात.

गाडी अजून बंदच आहे तोवरची वेळ सोन्याची समजा, कारण चोर घरात आहे. एकाने मागे टाकीपाशी कान द्यावा, दुसऱ्याने चावी 'ऑन' करावी. गुणगुण ऐकू आली का? ऐकू आली नाही तर चावी बंद करून पंधरा-वीस सेकंद थांबावे व पुन्हा पाहावे, कारण काही गाड्या लगेच दुसऱ्यांदा पंप चालवीत नाहीत.

गुणगुण नाही, पण रिलेवर बोट ठेवल्यास 'टिक' असे जाणवते. याचा अर्थ हुकूम पोहोचला आहे. दोष रिलेच्या आतल्या पॉइंटात, पुढच्या तारेत, कपलरमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा पंपात.

गुणगुणही नाही आणि टिकही नाही. मग पंप निर्दोष असण्याची शक्यता मोठी. फ्यूज, रिलेची गुंडाळी, तिला मिळणारी वीज किंवा कॉम्प्युटरचा हुकूम पाहावा लागेल.

चावी 'ऑन' केल्यावर दोन सेकंद गुणगुण होते, परंतु सेल्फ मारताना होत नाही. हे फार बोलके लक्षण आहे. पंप, रिले, तार सर्व ठीक. इंजिन फिरते आहे हा निरोपच कॉम्प्युटरला मिळत नाही. येथे पंप बदलला तर पैसे पाण्यात.

गुणगुण दोन्ही वेळा नीट होते आणि तरीही गाडी चालू होत नाही. तर पेट्रोलचा दाब गेजने मोजून घ्यावा आणि ठिणगी पाहावी. पंप फिरतो म्हणजे दाब देतोच असे नाही. फिल्टर चोंदलेला असू शकतो.

रिलेवर संशय असेल तर त्याच पेटीतला, तेवढ्याच पायांचा आणि त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तात्पुरता लावून पाहता येतो. क्रमांक जुळत नसेल तर मात्र हा प्रयोग करू नये. पाय सारखे दिसले तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.

मीटर खरे बोलतो, पण अर्धेच

डिजिटल मल्टीमीटर आज काही शे रुपयांत मिळतो. चार-पाच कुटुंबांनी किंवा बचत गटाने मिळून एक घेतला तरी चालेल. परंतु तो कसा वापरायचा हे कळले पाहिजे, नाहीतर तो फसवतो.

समजा, तारेच्या वीस धाग्यांपैकी एकोणीस तुटले आणि एकच शिल्लक आहे. पंपाचा कपलर काढून तेथे मीटर लावला तर तो बारा व्होल्ट दाखवील. मेस्त्री म्हणेल, "करंट बरोबर येतोय, म्हणजे पंपच खराब." पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्याच्यापुरता एक धागा पुरतो. पंप मात्र साधारण ४ ते ६ अँपिअर ओढतो, त्याला तो एक धागा पुरत नाही. रिकाम्या बैलगाडीला कच्चा पूल पेलतो, भरलेल्या गाडीला नाही, तसेच हे आहे.

म्हणून तपासणी नेहमी ओझे लावून करावी. याचे दोन मार्ग आहेत. पहिला साध्या दिव्याचा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन तारांना जोडून पंपाच्या कपलरवर लावावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. चावी 'ऑन' केल्यावर दोन सेकंद तो लख्ख पेटला तर वाट बरी आहे. मिणमिणला तर वाटेत गळती आहे. हा बल्ब फक्त पंपाच्या तारेवर लावावा. कॉम्प्युटरच्या बारीक तारांवर लावल्यास कॉम्प्युटर जळू शकतो. आणि बल्ब कपलरला पक्का जोडल्यानंतरच चावी फिरवावी, म्हणजे टाकीपाशी ठिणगी उडणार नाही.

दुसरा मार्ग आमच्या धंद्याला जवळचा, जमा-खर्चाचा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. समजा १३.८ व्होल्ट आले. ही जमा. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी, कपलर न काढता, त्याच्या मागून पंपाच्या प्लस तारेवर. जो आकडा येईल तो जाण्याच्या वाटेवरचा खर्च. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी पंपाच्या अर्थिंगच्या तारेवर. हा परतीच्या वाटेवरचा खर्च. जाण्याच्या वाटेवर अर्धा व्होल्ट आणि परतीच्या वाटेवर त्याहून कमी, एवढा खर्च चालण्याजोगा. त्याहून अधिक गेला तर त्या वाटेवर कुठेतरी खराब सांधा आहे. मग एकेक टप्पा मोजत यावे. जेथे आकडा एकदम उडी घेतो तेथे दोष.

हा खर्च गाडी उत्तम चालत असतानाही मोजता येतो, हा या रीतीचा मोठा फायदा. बरेच मधूनच येणारे दोष आतून सतत चालूच असतात. हद्द ओलांडली की मगच बाहेर दिसतात. अर्धा ओहमचा खराब सांधा आणि ५ अँपिअर करंट घ्या. तेथे अडीच व्होल्ट नाहीसे होतात आणि साडेबारा वॅटची उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेने कपलरचे प्लास्टिक तपकिरी पडून वितळू लागते. म्हणून कपलर उघडल्यावर रंग बदललेला दिसला, तर तो कपलर साफ करून परत लावू नये, बदलावा.

तीन व्होल्ट गेले कुठे?

आमच्या ओळखीचे एक जोडपे एमआयडीसीतल्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवते. जुनी व्हॅन, तीही कर्ज काढून घेतलेली. पावसाळ्याच्या तोंडाशी ती दुपारी बंद पडू लागली. डबा वेळेवर नाही म्हणजे कामगाराची जेवणाची सुट्टी उपाशी जाते. दोन खात्यांनी डबे बंद केले. पंप बदलला, महिनाभराने पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने नवा पंपही खराब निघाल्याचे सांगून दुसरा बसवला, तरी फरक नाही. घरात बाईचे डोरले गहाण ठेवण्याची भाषा सुरू झाली.

शेजारची एक मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. तिने रविवारी मीटर लावला आणि आम्ही वहीत आकडे लिहून घेतले. बॅटरीवर १३.८. जाण्याच्या वाटेवर ०.४ खर्च. परतीच्या वाटेवर २.८ खर्च. तिने वजाबाकी केली आणि म्हणाली, "काका, बॅटरी देते पावणेचौदा आणि पंपाला मिळतात साडेदहा. मधले तीन व्होल्ट गेले कुठे?"

"अगं, पण पंप तर नवा आहे," ते म्हणाले.

"पंप नवाच आहे, काका. त्याची परतीची वाट जुनी आहे."

मागची चटई उचलली. अर्थिंगची तार जेथे स्क्रूने पत्र्याला आवळली होती तेथे पांढरा-हिरवा गंज चढला होता. रोज डब्यांतून थोडे थोडे कालवण सांडत होते. मिठाचे पाणी चटईखाली मुरत गेले आणि स्क्रू खात गेले. सकाळी थंडपणी तो सांधा कसाबसा टिकायचा, दुपारी तापला की सोडून द्यायचा. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, तारेला नवी पितळी टिकली दाबून बसवली, नवा स्क्रू आवळला आणि वरून ग्रीस लावले. पुन्हा मोजले तर परतीचा खर्च ०.१. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत. गाडी त्या दिवसापासून दुपारीही चालते. बंद झालेल्या दोन खात्यांपैकी एकाने पुन्हा डबे घेतले, दुसरे गेले ते गेलेच. डोरले मात्र घरातच राहिले.

दोन दिव्यांची युक्ती

मोजूनही काही सापडले नाही आणि दोष फक्त चालत्या गाडीतच येत असेल तर दोन लहान दिव्यांचा पहारा बसवावा. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. मजुरी थोडी लागते. ३ वॅटचे दोन बल्ब, एकाला लाल कागद आणि दुसऱ्याला हिरवा. लाल दिव्याची तार रिलेत शिरणाऱ्या करंटवर, हिरव्याची तार टाकीजवळ पंपाच्या प्लसवर, दोहोंची दुसरी बाजू चांगल्या अर्थिंगला. प्रत्येक तारेत एक-दोन अँपिअरचा लहान फ्यूज हवाच. दिवे पुढे, शेजारच्या आसनावरील माणसाला दिसतील असे ठेवावेत. पाहण्याचे काम त्या माणसाचे. चालवणाऱ्याने रस्त्यावरच डोळे ठेवावेत.

गाडी झटके मारू लागली की ती गिअरमध्येच, क्लच न दाबता थोडी पळू द्यावी, पण मागून वाहन नसेल तरच. चाकांमुळे इंजिन फिरत राहते, म्हणून कॉम्प्युटर पंप तोडीत नाही आणि दिवे खरे सांगतात. इंजिन थांबल्यावर हिरवा दिवा विझणारच, त्याचा पुरावा धरू नये.

दोन्ही दिवे विझले तर दोष रिलेच्या आधी. म्हणजे फ्यूज, मुख्य रिले, चावीचा स्विच किंवा बॅटरीचे टर्मिनल. लाल चालू आणि हिरवा विझला तर दोष रिलेत, त्याच्या बैठकीत, पुढच्या तारेत किंवा कॉम्प्युटरच्या हुकुमात. दोन्ही लख्ख चालू आणि तरी गाडी मरते आहे, तर पंप, त्याचा कपलर, त्याची अर्थिंग किंवा फिल्टर आणि ठिणगी. आठ जागांच्या दोन-तीन झाल्या. काम झाले की दिवे काढून टाकावेत. लाल दिव्याला काही गाड्यांत चावी बंद असतानाही करंट मिळतो आणि रात्रीत बॅटरी उतरते.

हे मात्र करू नये

पहिली गोष्ट. फ्यूज वारंवार जातो म्हणून १५ च्या जागी ३० अँपिअरचा किंवा नुसती तांब्याची तार घालू नये. फ्यूज जातो तो कुठेतरी तार घासली आहे किंवा पंप जड फिरतो आहे हे सांगण्यासाठी. त्याचे तोंड बंद केले तर पुढची तार पेटते आणि ती तार पेट्रोलच्या टाकीकडे जाते.

दुसरी गोष्ट. रस्त्यावरचा मेस्त्री पंप 'डायरेक्ट' करून देतो. बॅटरीपासून तार, मध्ये एक बटण. गाडी चालू होते आणि आपण खूश होतो. पण आता इंजिन थांबल्यावर पंप तोडणारे कुणी नाही. अपघातात नळी फुटली तर पंप पेट्रोल ओततच राहील. गाडी धोक्याच्या जागेवरून हलवण्याची अगदीच वेळ आली, तर फ्यूज घालून तेवढ्यापुरते ठीक. त्यावर भाडे मारू नये, मुलाबाळांना तर बसवूच नये.

तिसरी गोष्ट. पंप उघडायचा तर तो मोकळ्या हवेत, बॅटरीचे मायनस काढून, बिडी-काडी आणि मोबाइल दूर ठेवून, जाणकाराकडूनच. नळीत दाब असतो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले की दाब उतरतो. बंद खोलीत, देवळीतल्या दिव्याशेजारी किंवा रात्री लोंबत्या बल्बच्या उजेडात हे काम करू नये. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरत जाऊन लांबची ठिणगी शोधते.

पंप खरोखरच गेला असेल तर

पंपही कधी तरी जातोच. पंपाच्या तोंडाशी पुरेपूर व्होल्ट पोहोचतात, अर्थिंग स्वच्छ आहे आणि तरी तो फिरत नाही किंवा टाकीला हलकी थाप मारल्यावरच फिरू लागतो, असे असेल तर कार्बन झिजले आहेत. तेव्हा पंप बदलावा, त्याबरोबर त्याची जाळी आणि फिल्टरही बदलावा आणि जुना पंप मागून घ्यावा. बिल घ्यावे, त्यावर गॅरंटी लिहून घ्यावी.

नवा पंप टिकावा म्हणून टाकीत निदान पाव भाग पेट्रोल राहू द्यावे. ज्यांनी जुन्या गाडीला सीएनजी किंवा एलपीजीचे किट बसवले आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. काही जोडण्यांत गाडी गॅसवर चालताना पेट्रोलचा पंपही फिरतच असतो. टाकी कोरडी असेल तर तो जळतो. किट बसवताना पंपाची तार कापून मध्ये जोड दिलेला असतो आणि तो नुसता पिळून टेप लावलेला असला तर तपासणी तेथूनच सुरू करावी. उंदरांनी कुरतडलेली तारही पाहावी. शिवाय २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर अशा पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष न करता त्याच दिवशी नळ्या पाहून घ्याव्यात.

थोडक्यात सांगायचे तर गॅरेजमध्ये जाताना हात जोडून जाऊ नये, वही घेऊन जावे. "पंप बदला" असे न म्हणता "पंपाला किती व्होल्ट मिळतात ते माझ्यासमोर मोजा आणि अर्थिंगचा खर्च सांगा" असे म्हणावे. चांगला मेस्त्री या प्रश्नाने रागावत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. जो रागावतो त्याच्याकडे गाडी ठेवू नये. आणि आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी आयटीआयला वीजतंत्रीचे शिक्षण घेत असेल तर पुस्तकातला ओहमचा नियम त्यांना घरच्या गाडीवर तपासू द्या, मोठे माणूस शेजारी उभे ठेवून.

ज्यांच्या वहीत नोंदी जमल्या आहेत आणि तरी कोडे सुटलेले नाही, त्यांनी त्या नोंदी सदरासाठी पाठवाव्यात. गाडीचे वर्ष, गॅसचे किट आहे की नाही आणि दोन्ही वाटांचा खर्च किती आला, हे न विसरता लिहावे. पुढील अंकी आपण बॅटरी रात्रीत का उतरते, याचा हिशेब पाहू.